पेन्सिलीच्या शिशात प्रकाशाने पकडलेली तफावत

दर रविवारी सकाळी आम्ही वस्तीतील अभ्यासिकेत अकरावी-बारावीच्या मुलांना हिशेब शिकवतो. शिक्षण बी.कॉम., पेशा कारकुनाचा. त्यामुळे सायन्सच्या मुलांच्या वाटेला आम्ही सहसा जात नाही. पण मागच्या महिन्यात बारावी सायन्सची एक मुलगी भावाचा पोलरॉइडचा गॉगल घेऊन आली आणि म्हणाली, “काका, जमाखर्च पाच मिनिटं बाजूला ठेवा. एक गंमत दाखवते.”

अभ्यासिकेतल्या जुन्या संगणकाचा पडदा तिने पांढरा करून ठेवला. गॉगलची काच आमच्या डोळ्यासमोर धरून ती हळूहळू फिरवू लागली, तसा पडदा मंद होत गेला आणि एका ठिकाणी पार काळा झाला. मग तिने कंपासपेटीतला पारदर्शक कोनमापक पडदा आणि काच यांच्या मध्ये धरला. त्या काळोखात कोनमापक निळ्या, जांभळ्या, पिवळ्या पट्ट्यांनी रंगून उठला! नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर तोच दहा रुपयांचा कोनमापक, त्यात काहीही नाही.

कारण तिनेच सांगितले. पडद्यातून येणारा प्रकाश एकाच दिशेत कंप पावत असतो. गॉगलची काच आडवी धरली की ती त्याला अडवते, म्हणून काळोख. मध्ये धरलेली वस्तू सर्व दिशांनी सारखीच असती तर प्रकाश होता तसाच पुढे गेला असता आणि काळोख कायम राहिला असता. पण साच्यात ओतताना प्लास्टिक कुठे जास्त, कुठे कमी ताणले गेलेले असते. ताणाची दिशा आणि आडवी दिशा यांत फरक पडतो, प्रकाशाच्या कंपनाची दिशा बदलते आणि त्यातला काही भाग काचेतून पार होतो. म्हणजे जो प्रकाश दिसायला नको होता तो दिसतो, आणि तो दिसणे हीच आतल्या ताणाची साक्ष.

“आमचे सर म्हणाले, पेन्सिलीच्या शिशातल्या थरांची सममिती मोडली की नाही, हे शास्त्रज्ञ असंच उजेडाने ओळखतात. ते कसं, काका?” आम्ही निरुत्तर. पण मुलीने विचारलेला प्रश्न टाळणे आम्हाला जमत नाही. तीन आठवडे कचेरी सुटल्यावर वाचनालयात बसून जे हाती लागले ते आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. सममिती म्हणजे एखादी वस्तू फिरवली, उलटवली किंवा आरशात पाहिली तरी ती पूर्वीसारखीच दिसणे. षटकोनी फरशी साठ अंशांत फिरवा, फरक कळणार नाही. एका कोपऱ्यावर डाग पडला की कळेल, सममिती मोडली. फळ्यावर समजावताना आम्ही ‘भंग’ या शब्दाचा अर्थ नासधूस असा सांगितला, तेव्हा त्या मुलीने आम्हाला थांबवले. ती म्हणाली, नासधूस नव्हे, फक्त दोन बाजू सारख्या राहिल्या नाहीत एवढेच. बरोबर आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर जमा आणि नावे या बाजू जुळेनाशा होतात आणि तेरजेत तफावत दिसू लागते. तफावत म्हणजे नेहमी चोरी नसते. पण ती दिसली की वहीत काहीतरी घडले आहे एवढे निश्चित.

आता शिशाकडे. पेन्सिलीत शिसे नसते, ग्रॅफाइट असते आणि घट्टपणासाठी माती मिसळलेली असते. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या अणूंचे थरावर थर. प्रत्येक थरात अणू मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनांत बसलेले, एका अणूपासून शेजारचा अणू ०.१४२ नॅनोमीटरवर; आणि एका थरापासून दुसरा थर ०.३३५ नॅनोमीटरवर. एक मिलिमीटर जाडीच्या ग्रॅफाइटमध्ये असे सुमारे तीस लाख थर भरतात. थरातले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण थर आपापसांत सैल. म्हणून तर कागदावर रेघ उमटते. यातला एकच सुटा थर म्हणजे ‘ग्राफीन’. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने थर सोलत सोलत २००४ मध्ये तो वेगळा करून दाखवला आणि २०१० मध्ये दोघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. वर्तमानपत्रांनी तेव्हापासून त्याच्यामागे ‘चमत्कारी’ हे विशेषण लावले आहे. आम्हाला ते पटत नाही. जे तपासता येते त्याला चमत्कार कशाला म्हणावे?

एका अणूएवढा जाड थर दिसतो तरी कसा? सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडचा लेप असलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर तो ठेवला, तर साध्या सूक्ष्मदर्शकातून रंगछटेच्या फरकाने ओळखू येतो. पावसात ओल्या डांबरी रस्त्यावर पेट्रोलचा थेंब पडला की रंग उमटतात, त्याच जातीचा हा प्रकार. शिवाय ग्राफीनचा एक थर त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे २.३ टक्के शोषतो. हे मोजमाप २००८ मध्ये मँचेस्टरच्याच गटाने प्रसिद्ध केले आणि त्या लेखाचे पहिले लेखक आर. आर. नायर हे केरळचे. दोन थर असले की शोषण जवळजवळ दुप्पट. म्हणजे थर किती हे प्रकाश सांगतो. पण ते थर एकमेकांवर कसे बसले आहेत आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत की नाहीत, हा पुढचा आणि अवघड प्रश्न.

तो प्रश्न विचारण्यामागे मोठी गरज होती. ग्राफीनमधून इलेक्ट्रॉन फार वेगाने धावतात, म्हणून त्याचे ट्रान्झिस्टर करावे असे सर्वांना वाटले. पण ट्रान्झिस्टर म्हणजे बटण. ते बंदही व्हायला हवे. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनांना वाहण्यासाठी १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची एक फट ओलांडावी लागते, म्हणून तो प्रवाह बंद करता येतो. ग्राफीनमध्ये ही फटच नाही. नळ आहे, चावी नाही!

इथे दोन थरांचे ग्राफीन कामाला आले. ग्रॅफाइटची रचना १९२४ मध्ये लंडनला जे. डी. बर्नाल यांनी क्ष-किरणांनी उलगडली होती. वरच्या थरातले निम्मे अणू खालच्या अणूंच्या अगदी डोक्यावर, आणि उरलेले निम्मे खालच्या षटकोनाच्या पोकळीवर. अशा दोन थरांच्या बरोबर मध्ये एक बिंदू कल्पावा. कोणत्याही अणूपासून निघून त्या बिंदूतून आरपार तेवढेच अंतर गेले, तर पलीकडे तसाच अणू भेटतो. आता वर-खाली विद्युतदाब दिला तर वरचा थर आणि खालचा थर यांच्या ऊर्जेत फरक पडतो. अणू जागचे हलत नाहीत, पण मध्यबिंदूची सममिती गेली. आणि गणित सांगत होते की ती गेली की फट उघडेल. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठातील एडवर्ड मॅक्कॅन यांनी २००६ मध्ये हे मांडले. त्याच वर्षी पोटॅशियमचे अणू वरच्या थरावर बसवून काही शास्त्रज्ञांनी फटीची खूणही पाहिली. पण पोटॅशियम शिंपडणे म्हणजे चावी नव्हे. ती बटणाने उघडता-मिटता आली पाहिजे. बटण लावून विजेने मोजायला गेले, तर फट असल्याचे लक्षण अतिशीत तापमानातच जेमतेम दिसे. थरांवर राहिलेली घाण, अडकलेले भार यांच्या आधाराने इलेक्ट्रॉन मागच्या दाराने निसटत. पुढचे दार बंद आहे की नाही, हे मग कसे कळावे?

म्हणून प्रकाश. यात दोन वाटा होत्या आणि पहिलीचे नाव आपल्या ओळखीचे आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन! २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात त्यांनी दाखवले की पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला तर त्यातला अगदी थोडा भाग रंग बदलून परततो, आणि तो फरक म्हणजे पदार्थातील अणूंच्या कंपनाची मोजणी. आमच्यासारख्या हिशेबनिसाला यात सुखावणारी गोष्ट अशी की हे रामन १९०७ पासून दहा वर्षे सरकारच्या हिशेब खात्यात नोकरीला होते. रंगूनला बदली झाली, १९१० मध्ये आपल्या नागपूरलाही झाली. कलकत्त्यात असताना कचेरीच्या वेळेबाहेर ते प्रयोगशाळेत जात. आम्ही कचेरीनंतर फार तर वाचनालयात जातो, पण असो.

रामनच्या पद्धतीबरोबर दुसरी पद्धत अवरक्त किरणांची. त्यात पदार्थ कोणते किरण गिळतो ते पाहतात. मध्यबिंदूची सममिती असलेल्या पदार्थाला एक कडक नियम लागू असतो: जे कंपन रामनच्या वहीत नोंदले जाते ते अवरक्ताच्या वहीत नसते, आणि अवरक्ताच्या वहीतले रामनच्या वहीत नसते. दोन थरांच्या ग्राफीनमध्ये दोन्ही थरांचे अणू एका तालात डोलतात ते कंपन रामनच्या वहीत. उलट तालात डोलतात ते अवरक्ताच्या. ब्राझीलमधील बेलो होरिझोंती येथील मिनास जेराइस संघीय विद्यापीठात लेआंद्रो मालार्ड, मार्कोस पिमेंता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन थरांना खालून विद्युतदाब दिला आणि रामनचा वर्णपट घेतला. ग्राफीनचे जे ठळक शिखर एरवी एकटे उभे असते, ते दुभंगून दोन झाले. दुसरे शिखर त्याच उलट तालाच्या कंपनाचे होते, ज्याची नोंद या वहीत व्हायलाच नको होती! त्याचा अर्थ एकच: मध्यबिंदूची सममिती गेली. हे २००८ साल. तफावत पकडली गेली, पण ती किती रकमेची, म्हणजे फट केवढी, हे अजून कळायचे होते.

ते दुसऱ्या वाटेने कळले. अमेरिकेत बर्कले येथे फेंग वांग यांच्या गटाने दोन थरांच्या ग्राफीनला वरून एक आणि खालून एक अशी दोन गेटे बसवली. एकाच गेटाने दाब दिला तर इलेक्ट्रॉनांची संख्याही बदलते आणि फटही, म्हणजे दोन खर्च एकाच खात्यावर पडल्यासारखे. दोन गेटे असली की इलेक्ट्रॉनांची संख्या तीच ठेवून नुसती फट बदलता येते. मग त्यातून अवरक्त किरण सोडले. इथे एस.टी.च्या किमान भाड्याची उपमा चालेल. फट शून्य असेल तर कितीही कमी ऊर्जेचा किरण इलेक्ट्रॉनाला वर चढवू शकतो. फट उघडली की किमान भाडे ठरते. त्याहून कमी ऊर्जेचा किरण न गिळता तसाच पुढे जातो. दाब वाढवत नेला तसे शोषणाचे शिखर अधिक ऊर्जेकडे सरकत गेले आणि थेट ०.२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत पोहोचले. निसटणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या मागच्या दाराशी या मोजणीला फारसे देणेघेणे नव्हते. विजेच्या मोजणीत जी फट झाकली जात होती, ती प्रकाशाने उघड दाखवली. जून २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये हे छापून आले. सिलिकॉनच्या फटीच्या मानाने ती पाव हिश्श्याच्या आसपास भरते; बाजारातल्या संगणकाला ती पुरली नाही हे खरे, पण बटण फिरवून फट हवी तेवढी करता येणे हे सिलिकॉनला कधी जमले नव्हते.

कुटुंबाच्या पानावर एका बाईंची ओळख करून देणे आम्हाला अगत्याचे वाटते. मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस यांचा जन्म १९३० चा. न्यूयॉर्कमधल्या गरीब स्थलांतरित घरातली मुलगी. कार्बनच्या अभ्यासात त्यांचा अधिकार इतका की ‘कार्बनची राणी’ म्हणून त्यांना ओळखत. १९६० पासून त्या ग्रॅफाइटवर प्रकाश टाकून चुंबकीय क्षेत्रात परावर्तन मोजू लागल्या. घरी चार लहान मुले. या विषयाकडे तेव्हा फारसे कोणी फिरकत नव्हते, म्हणूनच त्यांनी तो निवडला. मूल आजारी पडले आणि चार दिवस खाडा झाला तरी कोणी पुढे निघून जाणार नाही, हा हिशेब. मग १९६८ मध्ये अली जवान यांच्या लेसरच्या साह्याने त्यांनी ग्रॅफाइटवर गोल फिरणारा, म्हणजे डावा आणि उजवा असे वेगळे करता येणारा, ध्रुवित प्रकाश टाकला. चुंबकीय क्षेत्रात डाव्या-उजव्यांना मिळणारे उत्तर सारखे राहत नाही. त्यातून निघाले असे की ग्रॅफाइटमध्ये इलेक्ट्रॉन कुठे आणि त्यांच्या रिकाम्या जागा कुठे, हे तोवर सगळ्यांनी उलटे धरलेले होते. यात त्यांची स्वतःची आधीची मांडणीही आली. जमेचे नावे आणि नावेचे जमा! आणि हे त्यांनीच छापून टाकले. २०१७ मध्ये त्या वारल्या. ब्राझीलच्या पिमेंतांनी त्यांच्याबरोबर अनेक वर्षे काम केले होते.

तीन थरांचे ग्राफीन आणखी मजेदार. मधला थर स्थिर धरा. वरचा थर त्याच्या मानाने उजवीकडे सरकलेला असेल, तर खालचा एकतर तोही उजवीकडेच सरकलेला असतो किंवा डावीकडे. पहिल्या प्रकारात वरचा आणि खालचा थर बरोबर एकमेकांच्या डोक्यावर येतात. दुसरा प्रकार जिन्याच्या पायऱ्यांसारखा. आमचा पहिला अंदाज असा की डोक्यावर डोके तो सममित आणि जिना तो मोडका. साफ चूक. मध्यबिंदूतून आरपार पाहिले तर वर-उजवीकडचा जोडीदार खाली-डावीकडेच असायला हवा, आणि तो जिन्यातच सापडतो. पहिल्या प्रकारात आरशाची सममिती आहे, मध्यबिंदूची नाही.

हा फरक ओळखण्याची युक्ती १९६१ सालची. मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकातून माणकाच्या लेसरचा ६९४ नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडला, तेव्हा त्यातून निम्म्या तरंगलांबीचा, सुमारे ३४७ नॅनोमीटरचा, अतिनील प्रकाशही किंचित बाहेर पडला. वारंवारता दुप्पट झाली. मध्यबिंदू असलेल्या पदार्थात असा दुप्पट प्रकाश निघू शकत नाही; एका बाजूची जमा दुसऱ्या बाजूच्या नावेने पुरती फिटते आणि शिल्लक शून्य. क्वार्ट्झला मध्यबिंदू नाही, म्हणून शिल्लक उरली. छायाचित्रात ती शिल्लक म्हणजे एक बारीकसा ठिपका होता. छापताना नियतकालिकाच्या लोकांना तो धुळीचा कण वाटला आणि त्यांनी तो पुसून टाकला! छापलेल्या चित्रात बाण आहे आणि बाणाच्या टोकाशी काहीच नाही. ज्यांनी जन्मभर प्रुफे तपासली त्यांनी यावर हसावे की रडावे?

याच युक्तीने २०१८ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातील शिवेई वू यांच्या गटाने तीन थरांची परीक्षा केली. डोक्यावर-डोके प्रकारातून दुप्पट वारंवारतेचा प्रकाश झळकला. जिन्याच्या प्रकारातून अंधार. एकाच तुकड्यात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी असले तरी साध्या सूक्ष्मदर्शकाला ते सारखेच दिसतात. या प्रकाशात सीमारेषा उघडी पडते.

आणि या ओळखीवर बरेच अवलंबून आहे. कोलंबिया विद्यापीठात टोनी हाइन्झ यांच्या गटाने २०११ मध्ये अवरक्त किरणांनी दाखवले की बाहेरून विद्युतदाब दिला तर जिन्याच्या रचनेत फट उघडते, दुसरीत उघडत नाही. त्याच गटाने रामनच्या पद्धतीने तीन आणि चार थरांच्या सोललेल्या तुकड्यांचे नकाशे काढले, तर जिन्याची रचना क्षेत्रफळाच्या जेमतेम १५ टक्के भागात सापडली. त्यातही ती नाजूक. तुकडा उचलून दुसऱ्या ठिकाणी बसवताना घसरून नेहमीच्या रचनेत जाऊ शकते. म्हणजे आधी शोधा, मग जपा, आणि बसवल्यावर पुन्हा तपासा की ती आहे ना. या कामासाठी धातूच्या अतिसूक्ष्म टोकावर अवरक्त प्रकाश टाकून ते टोक पृष्ठभागावर फिरवतात. दोन रचनांची झळाळी वेगवेगळी दिसते. एम.आय.टी.तील लाँग जू यांच्या गटाने याच मार्गाने पाच थरांचा जिना हुडकला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की त्यात चुंबकीय क्षेत्र न लावताही इलेक्ट्रॉन अपूर्णांकी भाराने वागल्याची लक्षणे मिळतात. प्रकाशाने जागा दाखवली नसती तर पाच थरांचा तो तुकडा इतर कचऱ्याबरोबर गेला असता.

आपल्या मुंबईतही या हिशेबाचा एक भाऊबंद आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने दोन-दोन थरांच्या दोन जोड्या किंचित पिळून एकमेकींवर ठेवल्या आणि प्रकाशाऐवजी उलटसुलट वाहणारी वीज सोडली. आडव्या बाजूला दुप्पट वारंवारतेचा विद्युतदाब मिळाला. सममिती शाबूत असती तर तो शून्य आला असता. २०२२ मध्ये ‘नेचर फिजिक्स’मध्ये ते छापले गेले.

हे सगळे आम्ही गेल्या रविवारी मुलांना सांगितले. सांगताना कॉमर्सची मुलेही उठून पुढच्या बाकावर आली. त्या मुलीने मग एक काम केले. काचेच्या तुकड्यावर तिने साधी चिकटपट्टी एका थराची, तिच्यावर अर्ध्या भागात दुसरी, त्यावर तिसरी अशी लावली आणि पडद्यासमोर धरून गॉगलमधून पाहायला दिली. प्रत्येक थराला वेगळा रंग! ज्या जातीच्या पट्टीने मँचेस्टरला थर सोलले, तिच्यातही कारखान्यात ओढले गेल्याचा ताण भरलेला असतो. चौथी पट्टी उभी न लावता आडवी लावली तर रंग पुढे सरकेल की मागे येईल, यावर मुलांत पैज लागली. तेवढ्यात अभ्यासिका बंद करायची वेळ झाली. काच कपाटात ठेवली आहे. चौथी पट्टी येत्या रविवारी लागेल.